सोळा घरांचा नायक

‘कला शाखेच्या वार्षिकात व्हिडिओ गेमवर लेख?’ हा प्रश्न हे पान उघडणाऱ्या बऱ्याच जणांच्या कपाळावर उमटेल, याची मला कल्पना आहे. प्राध्यापक मंडळी पान उलटतील. मित्रमंडळींपैकी जे खरोखर रात्र रात्र जागून खेळतात ते म्हणतील, ‘हिला एवढे खेळ सोडून हाच जुनाट खेळ सापडला?’ म्हणजे दोन्हीकडून मार खाण्याचीच तयारी! तरीही लिहिते आहे. गेल्या दोन वर्षांत मी ज्या कलाकृतींशी मनातल्या मनात कडाडून भांडले, त्यांत दोन कादंबऱ्या आहेत, एक नाटक आहे आणि हा एक खेळ आहे. कादंबऱ्या-नाटकांवर लिहायला आमच्या वर्गात समर्थ लेखण्या पुष्कळ आहेत. खेळाची बाजू मांडायला मात्र कोणी पुढे येईना.

खेळाचे मूळ जपानी नाव ‘दोउकुत्सु मोनोगातारी’, म्हणजे गुहेची गोष्ट. इंग्रजीत तो ‘केव्ह स्टोरी’ म्हणून ओळखला जातो. दाइसुके अमाया या जपानी माणसाने तो एकट्याने घडवला. कथा त्याची, चित्रे त्याची, संगीत त्याचे, आणि संगणकाला समजेल अशा भाषेतली सारी मांडणीही त्याचीच. इतकेच काय, संगीत रचायला जे साधन लागले तेसुद्धा त्याने स्वतःच तयार केले. विद्यार्थिदशेत काम सुरू केले आणि पुढे नोकरी लागल्यावर फावल्या वेळात ते चालू ठेवले. अशी पाच वर्षे गेली. २० डिसेंबर २००४ रोजी खेळ पुरा झाला आणि या गृहस्थाने तो फुकट वाटून टाकला! २००५ मध्ये काही हौशी मंडळींनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि मग तो जगभर फिरला. अमाया ‘पिक्सेल’ या टोपणनावाने वावरतो. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका. टोपणनाव निवडण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. आपल्याकडे कवी मंडळी टोपणनावासाठी थेट आकाशातले तारे खाली उतरवतात.

आता खेळाच्या रूपाकडे वळते, कारण पहिला आक्षेप तिथेच येतो. ‘हे काय चौकोन चौकोन दिसतात?’ खरे आहे. पडद्याची मूळ मापे ३२० ठिपके आडवे आणि २४० उभे. नायक त्यात सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. म्हणजे उण्यापुऱ्या २५६ घरांत लाल टोपी, पांढरा चेहरा, डोळे, हात, पाय सगळे बसवायचे. ‘घरे’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्या आजीच्या दिवाणखान्यात मॅटीच्या कापडावर भरलेला एक पोपट चौकटीत लावलेला आहे. लहानपणी मी तो अगदी नाक लावून बघत असे. जवळून पाहावे तर नुसत्या फुल्या आणि चार पावले मागे सरावे तर पोपट! त्याच्या चोचीखाली एकच काळी फुली आहे. ती उसवली तर पोपट रुसल्यासारखा दिसेल, असे आजी म्हणायची. कलाकुसरीच्या भाषेत सांगायचे तर एका फुलीवर सबंध पोपटाचा स्वभाव तोललेला आहे. अमायाच्या नायकाचे तेच आहे. त्याच्या डोळ्याचा एक ठिपका हलला की तो वेगळा माणूस होईल. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार सांगितले ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते प्रकार प्रत्यक्षात कसे काम करतात हे मला २५६ घरांच्या या चित्रात अधिक लख्ख दिसले, हे आमच्या सरांची क्षमा मागून नोंदवते.

जुन्या काळी ही चौकोनी चित्रे हौसेने काढली जात नव्हती. यंत्रच तेवढे तोकडे होते. १९८३ मध्ये जपानात निंटेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ यंत्र आले. त्यात एका हलत्या चित्राच्या तुकड्याला तीनच रंग मिळत, आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दिसू शकत. नववा आला की चित्र लुकलुकू लागे. ‘मारिओ’ला टोपी का? केस काढणे कठीण होते म्हणून. मिशी का? मिशी काढली की तोंड काढायला नको! १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवे, एवढाच काय तो फरक. गरजेपोटी सुचलेल्या या युक्त्या पाहिल्या की मला बोहाऱ्याच्या दुकानासारखी गंमत वाटते. टाकाऊ काहीच नाही!

पण अमायासमोर ही अडचण नव्हती. १९९९ नंतरच्या साध्या घरगुती संगणकाला असले चौकोन मांडणे म्हणजे हातचा मळ होता. त्या काळात मोठमोठ्या कंपन्या खोली आणि सावल्या असलेली, माणसासारखी माणसे दाखवण्याच्या मागे लागल्या होत्या. मग याने पुन्हा मॅटीचे कापड का घेतले? लोक म्हणतात, बालपणीच्या आठवणी. या ‘रेट्रो’ नावाच्या शब्दाने फार नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. तो शब्द उच्चारला की पुढचा विचारच बंद पडतो. आमच्या मामाच्या पिढीचे ठीक आहे. त्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची ती नकली यंत्रे वापरली, कॅसेटमध्ये फुंकर मारून पुन्हा पुन्हा खोचली, आणि परीक्षेच्या काळात ती आईने माळ्यावर टाकल्याचे दुःख ते अजून सांगतात. त्यांना असला खेळ पाहून गहिवर येत असेल. मी त्या कॅसेटला हातही लावलेला नाही. हा खेळ आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. मग मला कुठल्या आठवणींचा उमाळा येणार? तरीही मी या गुहेत गुंतले. तेव्हा गहिवराचे कारण माझ्यापुरते तरी निकालात निघते.

मला वाटते, कारण साधे आहे. चौकोन लहान असला तर एकटा माणूस संपूर्ण जग काढू शकतो. अमायाला शंभर चित्रकार परवडणार नव्हते. त्याला परवडत होती ती नोकरीहून आल्यानंतरची संध्याकाळ. एका संध्याकाळी एक झाड आणि दुसऱ्या संध्याकाळी एक वटवाघूळ! त्याने साधेपणा पत्करला तो सबंध गोष्ट स्वतःच्या हातात राहावी म्हणून. २०१० मध्ये या खेळाची विकत मिळणारी आवृत्ती निघाली आणि २०११ मध्ये ‘केव्ह स्टोरी प्लस’ आली. तीत चित्रे नव्याने, अधिक बारकाईने काढली आहेत. जुनी चित्रे ठेवण्याची सोयही आहे, हे प्रकाशकांचे शहाणपण. मी दोन्ही पाहिली. नव्यांत बुबुळे दिसतात, कपड्यांच्या कडा दिसतात. पण जुन्या चित्रात तो ठिपका डोळा होता की नुसती सावली, हे मी ठरवत होते. नव्यात ते माझ्यासाठी आधीच ठरवून टाकले आहे. मला जुनेच बरे वाटले.

असो. गोष्ट आता सांगायलाच हवी. (ज्यांना खेळ स्वतः खेळायचा आहे त्यांनी इथून पुढे वाचू नये. त्यांचा रसभंग करण्याचे पाप मला नको.)

नायक एका गुहेत जागा होतो. तो यंत्रमानव आहे. तो कोण, कुठला, हे त्यालाच आठवत नाही. हळूहळू कळते की हे आकाशात तरंगणारे बेट आहे. त्यावर मिमिगा नावाचे सशासारखे, मवाळ प्राणी राहतात. एका ‘डॉक्टर’ने तिथला आसुरी मुकुट मस्तकावर चढवला आहे. तो मिमिगांना पळवून नेतो आणि एक लाल फूल खायला घालून त्यांना पिसाट करतो. त्याची त्याला फौज करायची आहे. कथा म्हणून यात फार नवे नाही, हे मी आधीच कबूल करते. दुष्ट माणूस, जादूचा मुकुट आणि विसराळू नायक! आजीच्या गोष्टींत याहून अवघड वळणे असतात. त्याचा हुजऱ्या बॅलरॉग तर साबणाच्या वडीसारखा चौकोनी आहे आणि दर वेळी भिंत फोडून येतो.

खेळाचे बळ वेगळ्याच ठिकाणी आहे. हा खेळ भटकण्याचा आहे. उड्या मारत, कड्यांवरून कड्यांवर चढत जायचे आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी परत यायचे. या जातीच्या खेळांचे पूर्वज म्हणजे १९८६ चा ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतला १९९७ चा खेळ. त्या दोघांची नावे सांधून या जातीला ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असे भयंकर नाव मिळाले आहे. त्यांत साधारण असे असते की पूर्वी बंद असलेले दार नवे हत्यार मिळाल्यावर उघडते. ‘केव्ह स्टोरी’त तितके मोकाट भटकता येत नाही, वाट बरीचशी आखलेली आहे. पण परत येण्याचा उपयोग अमायाने जसा केला तसा इतरांनी क्वचितच केला असेल. मिमिगांच्या गावात आपण पहिल्यांदा येतो तेव्हा तिथे मोजकीच माणसे उरलेली असतात. (मिमिगांना माणसे म्हणू नये, पण माझ्या तोंडी तेच येते.) त्यांचा वीर आर्थर आधीच मेलेला आहे, स्मशानात त्याचे थडगे आहे. कोणी मासे धरतो आहे, कोणी शेताची काळजी करतो आहे. आपण मोहिमेवर जातो, परत येतो, पुन्हा जातो. मग एकदा पाण्याच्या लोंढ्यातून वाहत वाहत आपण त्याच गावच्या तळ्यात येऊन पडतो, वर चढतो, आणि गाव रिकामे! सगळ्यांना नेलेले आहे. घरे तीच, दारे तीच. पूर्वी जिथे बोलायला कोणी तरी उभे असे, तिथे आता आपण बटण दाबतो आणि काहीच होत नाही.

कादंबरीत हे लिहिले असते, ‘गाव ओसाड पडले होते.’ वाक्य वाचून आपण पुढे गेलो असतो. इथे मी प्रत्येक घरात शिरून खात्री करून घेतली. कोणी सांगितले नव्हते, गरजही नव्हती. खेळाला साहित्याहून वेगळे काही साधते का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी हे रिकामे गाव दाखवीन.

दुसरी जागा तोरोकोची. तोरोको ही लहानशी मिमिगा मुलगी. ‘सू’ नावाच्या दुसऱ्याच मुलीच्या शोधात आलेले डॉक्टरचे लोक हिलाच सू समजून उचलून नेतात. पुढे वाळवंटात जेंका नावाच्या म्हातारीची पाच हरवलेली कुत्र्याची पिल्ले आपण शोधून आणतो. काम गोड असते. दर पिल्लागणिक आपल्याला आपण फार भले आहोत असे वाटू लागते. पाचवे पिल्लू पोचते न पोचते तोच बॅलरॉग म्हातारीकडची किल्ली लांबवतो. ती लाल फुलांच्या कोठाराची असते. आपण तिथे पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. डॉक्टर तोरोकोला फूल खायला लावतो आणि ती आपल्यावर धावून येते. मग तिच्याशी लढावे लागते. तिला वाचवण्याचा कुठलाही मार्ग नाही. ती मरते ती आपल्याच हातून.

इथे काही जण म्हणतील, खेळात मारामारी असते तशीच हीही. मुळीच नाही! तोवर शेकडो वटवाघळे आणि बेडूक मारले, त्यांच्यातून पिवळे त्रिकोण सांडले, ते गोळा करून बंदूक अधिक ताकदवान केली. या हिशेबात आपण रमलेलो असतो. तोरोकोशी लढताना तीच बंदूक, तीच बोटे आणि तेच कौशल्य वापरावे लागते. जितके आपण निपुण, तितके ते काम लवकर आटोपते. आपल्या निपुणतेची लाज वाटावी, असा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्याही खेळात अनुभवला नाही.

आणि त्या बंदुकीचाही इतिहास आहे बरे! खेळाच्या अगदी आरंभी एका झोपडीत एक बंदूक घडवणारा म्हातारा झोपलेला असतो. आपण त्याची पेटी उघडतो आणि बंदूक घेऊन चालू लागतो. म्हणजे आपल्या नायकाचे पहिले कर्तृत्व चोरीचे! ती बंदूक वाटेत कोणाला न देता जपली आणि खूप उशिरा त्याच झोपडीत परत नेली, तर म्हातारा आधी चोरीबद्दल बोलतो आणि मग तीच बंदूक हातात घेऊन पुरी करून देतो. ती अर्धवटच होती, हे आपल्याला तेव्हा कळते.

खेळाला शेवट तीन आहेत. त्यांतला एक पळपुटेपणाचा. तोरोको गेलेली, गाव रिकामे, आणि सूचा भाऊ काझुमा एका ड्रॅगनसह उभा. तो म्हणतो, चल, पळून जाऊ. ‘हो’ म्हटले तर ड्रॅगन उडतो, बेट मागे पडते आणि खेळ संपतो. मला हा शेवट थोर वाटतो. बाकीचे खेळ हरल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतात. इथे मात्र आपण हरलेले नसतो. नुसते निघून गेलेले असतो.

इतके गुणगान केल्यावर भांडणाकडे येते. वाटेत एका अंधाऱ्या खिंडीत वरून एक माणूस कोसळतो. हा प्रोफेसर बूस्टर. तो जखमी होऊन पडलेला असतो. कोणीही भला खेळाडू थांबेल, जवळ जाऊन बोलेल. बोलले की तो आपल्याला पाठीवर बांधून उडण्याचे यंत्र देतो आणि प्राण सोडतो. पण त्याच्याशी न बोलता ती दरी ओलांडून सरळ पुढे गेले, तर तो वाचतो! पुढे आर्थरच्या घरात तो धडधाकट भेटतो आणि त्याहून सरस यंत्र देतो. एवढ्यावरच थांबत नाही. आपल्याबरोबर लढणारी कर्ली नावाची यंत्रमानव मुलगी आहे. ती पाण्यात बुडताना स्वतःची हवेची टाकी आपल्याला देते. तिला बांधून बाहेर काढायचा दोर फक्त बूस्टरशी न बोलणाऱ्यालाच सापडतो. म्हणजे जखमी माणसापाशी थांबलात तर तो मरतो, कर्लीही जाते, आणि सर्वांत चांगला शेवट कायमचा बंद होतो.

हे मला मान्य नाही. मुळीच मान्य नाही. खेळात कुठेही याची सूचना नाही. ज्याला आधी कोणी कानात सांगितले आहे तोच त्या माणसावरून उडी मारून जाईल. ज्या कलाकृतीने मला तोरोकोच्या मृत्यूचे ओझे दिले, तिने इथे मला कुलपाची चावी चुकवल्याबद्दल दंड केला. कर्णाच्या रथाचे चाक रुतते तेव्हा आपण हळहळतो, कारण तो शाप त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो. शाप कोणी उच्चारलाच नसता आणि चाक नुसतेच रुतले असते, तर ती शोकांतिका झाली नसती, रस्त्याची तक्रार झाली असती.

आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र यावर माझ्याशी गेले वर्षभर वाद घालतो आहे. त्याचे म्हणणे असे : ‘तू बूस्टरपाशी थांबलीस ती त्याच्यासाठी, की त्याच्याकडून काय मिळते ते बघायला? खेळात आपण दिसेल त्याच्याशी बोलतो, कारण बोलले की काही तरी मिळते. मिळालेही. त्याच्याजवळचे यंत्र तू घेतलेस आणि तो मेला.’

हा मुद्दा मला बरेच दिवस सोडवता आला नाही. मग लक्षात आले की मूळ खेळात बोलायला, विचारपूस करायला आणि वस्तू उचलायला एकच बटण आहे, खाली जाणाऱ्या बाणाचे. जखमी माणसाजवळ वाकायचे तर तेच दाबावे लागते, आणि झोपलेल्या म्हाताऱ्याची पेटी उघडायची तर तेच. मी काय हेतूने दाबले हे खेळाला कळायला मार्गच नाही. मग तो कोणत्या तोंडाने न्याय करतो? हे मी मित्राला सांगितले. तो म्हणाला, ‘तेच तर! पहिल्या पाच मिनिटांत ते बटण तू कशासाठी दाबलेस, ते आठव.’